उपनगरांतल्या शवागारांची पंचवीस वर्षं

मुंबईतलं कोरोनरचं पद १९९९ मध्ये रद्द झालं. १८७१ च्या कायद्याने चालत आलेल्या या पदापुढे संशयास्पद मृत्यूची चौकशी होई आणि शवविच्छेदन करणारा डॉक्टर तिथे साक्ष देई. त्यानंतर हे काम पोलिसांच्या अपमृत्यू नोंदीकडे आणि पंचनाम्याकडे आलं. खटला उभा राहिलाच नाही, तर डॉक्टरचं म्हणणं कागदावरच राहतं. म्हणून गेल्या पंचवीस वर्षांत तो कागद कोण लिहितं, याला फार मोल आलं.

विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी, बोरिवलीचं भगवती, गोरेगावचं सिद्धार्थ ही रुग्णालयं महापालिकेची. पण तिथली शवविच्छेदन केंद्रं राज्य सरकारच्या पोलीस शल्यचिकित्सकाच्या अखत्यारीतली. न्यायवैद्यकशास्त्रात तीन वर्षांचं एमडी करणारे विद्यार्थी मात्र प्रामुख्याने शहरातल्या केईएम, नायर, सायन, जेजे या रुग्णालयांत घडले. रुळांवरचे मृतदेह उपनगरात आणि शिक्षण शहरात, ही विभागणी मला नेहमीच खटकत आली आहे. गाडीखाली आलेला माणूस त्या क्षणी जिवंत होता का, हे जखमेच्या कडांमध्ये मुरलेल्या रक्तावरून ओळखायचं असतं. गळ्यावरचा वळ तिरका आहे की आडवा, यावरून गळफास आणि गळा आवळणं यांतला फरक शोधायचा असतो. अशी नजर पुस्तकातून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी टेबलापाशी उभं राहावं लागतं. कूपरला २०१५ मध्ये महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ते या दृष्टीने उशिरा का होईना, योग्य जागी आलं.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, त्यांतले दोन जोगेश्वरी आणि बोरिवलीत. अशा वेळी ओळख पटवणं आणि देहात रुतलेले तुकडे पुरावा म्हणून जपणं, दोन्ही एकाच हातांना करावं लागतं, आणि बाहेर नातेवाईक थांबलेले असतात.

पण या काळातला सर्वांत शिकवणारा प्रसंग मी मालवणीचा मानतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या या वस्तीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत असंच घडलं होतं. अशा दारूतलं मिथेनॉल शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. दृष्टी जाते, श्वास बिघडतो. पण देह उघडला की नुसत्या डोळ्यांना खात्रीचं असं थोडंच दिसतं. रक्त सोडियम फ्लोराईड घातलेल्या बाटलीत, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग, योग्य द्रावणात, झाकण लाखेने सीलबंद, आणि सोबत अचूक नोंद: एवढं नीट झालं तरच कलिन्याची न्यायसहायक प्रयोगशाळा काही सांगू शकते. देह हलवणाऱ्या, शिवणाऱ्या शवागार कर्मचाऱ्यांचा यात मोठा वाटा असतो. अहवालात त्यांचं नाव कुठेच येत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

दरम्यान नियमही बदलले. सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाची मुभा केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले देह आणि संशयित घातपात यांना सामान्यतः त्यातून वगळून. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १९४ प्रमाणे पोलिसांनी चौकशीचा अहवाल चोवीस तासांत पुढे पाठवायचा आहे. व्हिसेऱ्याच्या अहवालाला त्या कलमात मुदत नाही. तो येईपर्यंत मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर 'मत राखून ठेवलं आहे' एवढंच असतं आणि तेच घेऊन घरच्यांना विम्याच्या कचेरीत जावं लागतं.