ओसरीतला उजेड

घरातले वडीलधारे माणूस जाते, उठावण्याची बातमी वर्तमानपत्रात द्यायची असते आणि छायाचित्राचा शोध सुरू होतो. लग्नातल्या चाळीस जणांच्या घोळक्यातून आजींचा चेहरा कापून काढला जातो. शेजारच्या कुणाचा तरी खांदा त्यात अर्धवट राहतो, मांडवाच्या रंगीत दिव्यांनी वर्ण बदललेला असतो. पुढची कित्येक वर्षे भिंतीवर हार घालून तेच चित्र राहते. रोज मोबाइलवर ढिगाने चित्रे टिपणाऱ्या घरांत हे घडावे, याचे नवल वाटते. उणीव यंत्रात नसते. चेहऱ्यावर उजेड कुठून पडतो आणि मागे काय आहे, याकडे कुणी पाहिलेले नसते.

जुन्या छायाचित्रकारांना त्याकडे पाहण्यावाचून गत्यंतरच नव्हते. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले लाला दीनदयाळ रुडकीला अभियांत्रिकी शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. त्या काळचे स्टुडिओ प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर चालत. छताला किंवा उत्तरेच्या बाजूला काचा असत आणि पडदे सरकवून उजेड कमीअधिक केला जाई. उत्तरेकडून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा पसरलेला, मऊ उजेड. तो सुरकुत्यांना खोल करत नाही आणि डोळ्यांत बारीकशी चमक ठेवतो.

पुण्याच्या जुन्या वाड्यांत ही योजना न योजताच झाली होती. मध्ये उघडा चौक, भोवती ओसरी, मागे माजघराचा काळोख. ओसरीच्या कडेला, छपराच्या सावलीत, चौकाकडे तोंड करून बसलेल्या माणसाला आकाशाचा उजेड समोरून मिळतो आणि पार्श्वभूमी आपोआप गडद होते. पेठांतले बहुतेक वाडे आता पाडले गेले. तरी सोसायटीच्या पार्किंगचे तोंड, जिन्याचे दार किंवा मंदिराच्या मंडपाची कड हीच रचना देते. माणूस सावलीच्या आत हातभर, चेहरा उघड्या आकाशाकडे, एवढे जमले की अर्धे काम झाले. मात्र मागे काळोख असला की कॅमेरा सारेच चित्र उजळ करू पाहतो आणि पांढऱ्या साडीचा पोत नाहीसा होतो. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड किंचित खाली ओढावा.

वेळेचा प्रश्न पुण्यात विशेष कठीण आहे. हे शहर साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. अक्षय्य तृतीया याच सुमाराची. वर्षीतपाच्या पारण्याचा सोहळा आटोपेपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते आणि तपस्व्यांची छायाचित्रे नेमकी तेव्हा अंगणात काढली जातात. भुवयांखाली काळे खड्डे, नाकाखाली सावली. तपाने उजळलेला चेहरा चित्रात आजारी दिसतो. त्याच माणसाला सकाळी आठच्या आत, अथवा नंतर पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली बसवले असते, तर चित्र वेगळे झाले असते. मांडव लाल-पिवळा असेल तर नको. तो रंग थेट गालांवर उतरतो. सारसबागेच्या हिरवळीवर भर उन्हात बसल्यास पांढऱ्या वस्त्रावर हिरवी झाक येते, तीही याच कारणाने.

पावसाळ्यातले ढगाळ आकाश चेहऱ्याला फार चांगले. पण तेच आकाश पाठीमागे आले की चेहरा काळवंडतो. पाठीमागे झाडी किंवा पाताळेश्वराच्या काळ्या पाषाणासारखे काही असावे. (संरक्षित वास्तूत तिकाटणे लावायचे असेल तर आधी परवानगीची चौकशी करावी.) पार्श्वभूमीपासून माणसाला पाच-सहा पावले पुढे आणले आणि छायाचित्रकार मागे सरकून लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपू लागला, तर मागचा पसारा मवाळ होतो. मोबाइलमधली पार्श्वभूमी पुसट करणारी सोय हेच यंत्राच्या अंदाजाने करते आणि पुष्कळदा पदराची किनार किंवा मोकळे केस खाऊन टाकते. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब मात्र कोणत्याही यंत्राला दिसत नाही. तो बटण दाबण्याआधी माणसानेच पाहायचा आणि पाऊलभर बाजूला व्हायचे.

चष्म्यात आकाश चमकत असेल तर आजोबांना हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगावे. पहिली दोन-तीन चित्रे ताठरच येतात. मग नातवाने कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून त्यांच्या जुन्या दुकानाची चौकशी करावी. उत्तर देता देता आजोबा कॅमेरा विसरतात आणि त्याच वेळी बटण दाबायचे असते.