विश्लेषण : गाडीला घरच्या घरी टोबार बसवणे कितपत सुरक्षित? ब्रिटनमधील नियम काय सांगतात?

ब्रिटनमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की गाडीमागे कॅरॅव्हॅन, छोटा ट्रेलर किंवा सायकलींचा स्टँड जोडून निघणारी कुटुंबे रस्त्यावर दिसू लागतात. हे सगळे ज्याला जोडले जाते तो भाग म्हणजे टोबार. गॅरेजमध्ये तो बसवून घ्यायचा तर सुटे भाग आणि मजुरी मिळून काहीशे पौंड मोजावे लागतात. म्हणून किट मागवून घरासमोरच टोबार बसवणारेही बरेच आहेत. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा पर्याय खुला आहे, कारण स्वतः टोबार बसवण्यास तेथे बंदी नाही. मात्र हायवेवर हजारभर किलोचा ट्रेलर काही बोल्टच्या भरवशावर मागे धावत असतो. त्यामुळे हे काम नेमके कसे होते आणि कुठे थांबावे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

टोबार म्हणजे नेमके काय?

टोबार हा पोलादी आडवा दांडा असतो. तो मागच्या बंपरच्या आत, गाडीच्या सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना बोल्टने घट्ट बसवतात. त्याच्या मधून एक मान बाहेर येते आणि मानेच्या टोकाला ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. ट्रेलरची पकड या गोळ्यावर बसते.

बाहेरून दिसणारा बंपर हे बहुतेकदा प्लास्टिकचे आवरण असते. मागून बसणारी धडक झेलण्याचे काम त्याच्या आतला दांडा करतो. अनेक गाड्यांमध्ये टोबार बसवताना हा मूळ दांडा काढावा लागतो आणि त्याची जागा टोबार घेतो. म्हणजेच टोबार ही शोभेची वस्तू नसून गाडीच्या सांगाड्याचा भाग ठरतो.

प्रत्येक गाडी ट्रेलर ओढू शकते का?

नाही. इंजिन दमदार असले तरी उत्पादक कंपनीची परवानगी असावी लागते. काही छोट्या, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना ती नसते. गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असलेल्या प्लेटवर गाडीचे कमाल एकूण वजन आणि ट्रेलरसह जोडीचे कमाल वजन दिलेले असते. समजा, हे आकडे १,९०० आणि ३,१०० किलो आहेत. तर गाडी पूर्ण भरलेली असताना ट्रेलरसाठी १,२०० किलो उरतात. जोडीचे वजन दिलेलेच नसेल, तर ती गाडी ट्रेलरसाठी नाही असे समजावे.

टोबारवरही एक प्लेट असते. त्यावरचा ‘डी’ आकडा आडवी ओढ किती सोसता येईल ते सांगतो. गाडी आणि ट्रेलरच्या टनांतील वजनांचा गुणाकार त्यांच्या बेरजेने भागून ९.८१ ने गुणला की गरजेचा ‘डी’ मिळतो. वरच्या उदाहरणात तो सुमारे ७.२ किलोन्यूटन येतो. टोबारवरील आकडा यापेक्षा कमी चालत नाही. ‘एस’ हा आकडा गोळ्यावर वरून किती किलो भार टाकता येईल ते सांगतो.

सायकल स्टँड लावणाऱ्यांसाठी हाच आकडा महत्त्वाचा. मर्यादा ७५ किलो असेल आणि १८ किलोच्या स्टँडवर २५ किलोच्या दोन ई-बाइक चढवल्या, तर भार ६८ किलो होतो. तिसऱ्या ई-बाइकला जागा उरत नाही.

बसवण्याची पद्धत कशी असते?

बॅटरीची ऋण तार सोडवून सुरुवात करतात. मागचे दिवे, स्क्रू आणि प्लास्टिकच्या क्लिपा काढून बंपरचे आवरण उतरवले जाते. हे काम दोघांनी करावे, नाहीतर रंगावर ओरखडे पडतात. मग मूळ दांडा काढून टोबारच्या बाजूच्या पट्ट्या ठरलेल्या छिद्रांशी जुळवतात. जोडाच्या जागी चिकटलेले मेण वा सीलंट खरवडून काढतात, कारण तो थर पुढे दबला की बोल्ट सैल होतो. उघड्या पडलेल्या धातूला गंजरोधक लावतात.

सगळे बोल्ट आधी हातानेच लावायचे आणि टोबार मधोमध आल्यावरच घट्ट करायचे. येथे साध्या पान्याने अंदाजे आवळणे चालत नाही. पुस्तिकेत दिलेल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनेच बोल्ट आवळावे लागतात. बोल्टच्या डोक्यावरील ८.८ किंवा १०.९ हे आकडे त्याची ताकद सांगतात. एकाच्या जागी दुसरा किंवा घरात पडलेला जुना बोल्ट वापरू नये. पुस्तिकेत सांगितले नसेल तर सांगाड्याला नवे छिद्र पाडणे किंवा वेल्डिंग करणेही टाळावे. सुमारे हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत.

सर्वात अवघड भाग कोणता?

वायरिंग. जुन्या गाड्यांत मागच्या दिव्यांच्या तारांना जोड देऊन काम भागत असे. आताच्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाची नजर असते. थेट जोड दिला तर डॅशबोर्डवर बिघाडाचा इशारा येतो किंवा कंट्रोल युनिट खराब होऊ शकते. त्यामुळे किमान बायपास रिले किंवा त्या मॉडेलसाठीच बनवलेला वायरिंग संच लागतो.

मॉडेलचा संच बसवल्यावर अनेकदा गाडीच्या संगणकात कोडिंग करावे लागते. त्यानंतरच मागे ट्रेलर आहे हे गाडीला कळते. मग मागचे पार्किंग सेन्सर बंद होतात आणि सोय असेल तर ट्रेलर डोलू लागल्यावर सावरणारी यंत्रणा सुरू होते. सॉकेट ७ किंवा १३ पिनचे असते. नव्या कॅरॅव्हॅनला १३ पिनचे लागते. म्हणून टोबार स्वतः बसवून वायरिंग व कोडिंग जाणकाराकडून करून घेणे हा मधला मार्ग ठरतो.

ब्रिटनमधील कायदा काय सांगतो?

१ ऑगस्ट १९९८ पासून नोंदणी झालेल्या गाड्यांना त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त टोबारच लावावा लागतो. मान्यतेचा क्रमांक त्याच्या प्लेटवर असतो. भरलेल्या गाडीत गोळ्याचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर उंचीवर असावा लागतो. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे वजन ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाचा निम्मा हिस्सा, यातले जे कमी असेल तेवढेच चालते. ट्रेलरच्या मागे गाडीचाच क्रमांक लावावा लागतो.

१६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. मोटरवेवर कमाल वेग ताशी ६० मैल आहे. एमओटी या नियमित तपासणीत टोबारही पाहिला जातो. विमा कंपनीला टोबार बसवल्याचे कळवणेही आवश्यक, अन्यथा दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

महाराष्ट्रातील वाहनधारकांसाठी यात काय?

आपल्याकडे अनेक गाड्यांच्या मागे ‘हुक’ दिसतो. पार्किंगमध्ये बंपर वाचावा, एवढाच त्याचा हेतू असतो. अशा हुकवर मान्यतेची प्लेट किंवा भाराचा आकडा नसेल, तर तो टोबार नव्हे. ट्रेलर तर दूरच, त्यावर बंद पडलेली गाडी ओढणेही धोक्याचे. उलट मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी बाहेर आलेला लोखंडी दांडा घातक ठरतो.

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घालते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच दिशेने निकाल दिला. क्रॅश गार्ड व बुल बारविरुद्ध कारवाई करण्यास केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितले होते. बंद गाडी ओढायची वेळ आलीच, तर अनेक गाड्यांच्या डिकीत टूलकिटसोबत स्क्रूसारखी बसणारी कडी मिळते. बंपरवरील छोटे झाकण काढून ती पूर्ण आवळावी आणि दोर तिलाच बांधावा.