दुकानातील इंटरनेट : ब्रिज मोड की पासथ्रू?

अचलपूर-परतवाडा परिसरातील व्यापारी बंधूंच्या दुकानात आता बिलाचा संगणक, क्यूआर कोडवरील वसुली आणि गोदामातील कॅमेरे ही सारी कामे एकाच इंटरनेट जोडणीवर चालतात. कंपनीचा माणूस एक डबी बसवून जातो. पुढे दुकान मोठे झाले की आपण बाजारातून दुसरा राऊटर आणतो, आणि घरी बसून गोदामाचे कॅमेरे दिसेनासे होतात. असे का होते, ते आम्ही येथे सांगत आहोत.

कंपनीच्या डबीला गेटवे म्हणतात. जुन्या परकोटाच्या वेशीवरील पहारेकऱ्यासारखे तिचे काम असते. बाहेरच्या जगासाठी पत्ता एकच. आतील यंत्रांना ती खाजगी पत्ते वाटते. आपला राऊटरही हेच करतो. एका वेशीत दुसरी वेस उभी राहते आणि बाहेरून येणारी हाक आत पोहोचत नाही.

यावर उपाय दोन. ब्रिज मोडमध्ये गेटवेचा पहारा उठतो, ती केवळ तार जोडणारी पेटी उरते. पत्ते वाटणे आणि संरक्षण आपल्या राऊटरकडे येते. अनेक तारेच्या जोडण्यांत कंपनीचे युजरनेम व पासवर्डही त्यातच भरावे लागतात. पासथ्रूमध्ये पहारेकरी जागेवर राहतो, कंपनीकडे ओळखही तोच पटवतो. मात्र बाहेरचा पत्ता आपण ठरवलेल्या एकाच यंत्राला देतो. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या गेटवेत ही सोय याच नावाने आहे. आपल्याकडील प्रत्येक डबीत दोन्ही सोयी असतीलच असे नाही.

खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. आपल्या भागाला पत्ते देणाऱ्या एपनिक या संस्थेचा जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा साठा 2011 मध्येच जवळपास संपला. म्हणून कित्येक कंपन्या अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटतात. राऊटरमधील बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर ब्रिज किंवा पासथ्रू करूनही बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत थेट रस्ता मिळणार नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता मागावा लागेल.

पहारा उठला की धोकाही येतो. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे व डीव्हीआर काबीज केले होते. म्हणून डीव्हीआर किंवा बिलाचा संगणक ब्रिज केलेल्या डबीला थेट कधीही जोडू नये. मध्ये राऊटर हवाच, आणि त्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

नुसती बिले व वसुली होत असेल, कॅमेरेही कंपनीच्या ॲपवर दिसत असतील, तर यातले काहीच करण्याची गरज नाही. दोन वेशींनी त्या कामात अडत नाही. गरज नसलेल्या फेरबदलावर हलालाची कमाई घालवू नये, हाच आमचा सल्ला.