ओठावरचा ताप आणि गोळीची वेळ

उत्तरायणाला दिवसभर गच्चीवर उन्हात पतंग उडवले, की पुढच्या काही दिवसांत आपल्या सुरतेत काहींच्या ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘ताप फुटला!’

खरं तर हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू. बहुधा लहानपणीच तो शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. कडक ऊन, ताप किंवा जागरण झालं की जागा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातल्या ५० वर्षांखालील ६४ टक्के लोकांमध्ये तो होता. त्यामुळे लाजण्यासारखं यात काही नाही.

असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधं विषाणूला हाकलून देत नाहीत. त्याला स्वतःच्या नव्या प्रती काढू देत नाहीत. म्हणूनच वेळ महत्त्वाची. ओठ चुणचुणायला लागताच गोळी सुरू केली तर दुखणं लवकर आटोपतं. खपली धरल्यावर फारसा उपयोग नाही. वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर काही महिने रोजची छोटी मात्राही देतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलते, म्हणून चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा.

आणि एक पथ्य. गोळी घेतली तरी फोड पूर्ण बरा होईपर्यंत संसर्ग होऊ शकतो. तान्ह्या बाळाच्या तर तो जिवावर बेतू शकतो. बारशाला आलेल्या पाहुण्यांना ‘आज मुका नको’ म्हणताना अजिबात संकोचू नका.