डावीकडचे पंधरा हजार

फ्रीलान्सिंग सोडायचं, हे मी मार्चमधल्या एका रविवारी रात्री साडेअकरा वाजता फायनल केलं होतं. समोर एक्सेलची शीट. वर्षभरातली बारा बिलं एका कॉलममध्ये, खाली ऑटोसम. उत्तर : १,४२,५००. एवढी धावपळ करून एवढेच? रूमचं भाडं, लॅपटॉपचा ईएमआय, आईचं ‘आता एखादी धड नोकरी बघ’... सगळं एकदम डोक्यात आलं. एका ऑफरला ‘हो’ म्हणणारा मेल टाइप करूनही ठेवला.

वाचवलं रूममेटने. ती सीएची आर्टिकलशिप करते. मॅगी खाता खाता स्क्रीनकडे बघून म्हणाली, “अगं, तुझे काही आकडे डावीकडे का पळालेत?”

मंडळी, इथेच सगळी गोम आहे! तुम्ही अलाइनमेंटला हात लावला नसेल, तर एक्सेलमध्ये खरा आकडा सेलच्या उजवीकडे बसतो. डावीकडे बसला, तर तो आकड्याच्या वेषातला मजकूर. आणि ‘सम’ त्या रेंजमधल्या मजकुराकडे ढुंकूनही बघत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. माझी पंधरा-पंधरा हजारांची पाच बिलं मेलमधून कॉपी-पेस्ट केलेली होती. पाचही डावीकडे!

मी घाईघाईने फॉरमॅट बदलून ‘नंबर’ केला. शीट ढिम्म! सेलमध्ये आधीच बसलेला मजकूर नुसत्या फॉरमॅटने बदलत नाही. त्याला खरोखरचा आकडा करावा लागतो.

मग करायचं काय?

● सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतोय? क्लिक करा, ‘कन्व्हर्ट टू नंबर’ निवडा.

● शेजारच्या कॉलममध्ये ‘व्हॅल्यू’ फॉर्म्युला लावा. ज्यांना टायपिंगचा कंटाळा, त्यांनी सेलला एकने गुणावं किंवा त्याच्या आधी दोन वजा चिन्हं द्यावीत. काम तेच.

● आपली खास देशी सवय म्हणजे ‘१५,०००/-’. इथे ‘व्हॅल्यू’ एरर देतो. आधी ‘सबस्टिट्यूट’ने ती शेपटी उडवा, मग ‘व्हॅल्यू’.

● वेबसाइटवरून कॉपी केलंय? सोबत न दिसणारी एक स्पेस येऊ शकते, जी ‘ट्रिम’ला दाद देत नाही. तिचा कोड १६०. तिलाही ‘सबस्टिट्यूट’च लागतो.

उलटा घोळही होतो बरं का. एक्सेल काही जनुकांच्या नावांना तारीख समजून बदलून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ‘मार्च१’ या जनुकाचं नावच ‘मार्चएफ१’ केलं! अशी आपोआप बदलाबदली बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली.

माझी बेरीज? २,१७,५००. श्रीमंत नाही झाले, पण तो मेल डिलीट केला. उद्या नोकरी करेनही कदाचित. पण चुकीच्या बेरजेपायी नक्कीच नाही.

तुमची शीट उघडा. डावीकडे कोण बसलंय, बघा!