वूफर घेण्याआधी कंपनीचा स्टिरिओ नीट लावा

गाडीच्या साउंडबद्दल मला नेहमी एकच प्रश्न येतो: "दादा, बास येत नाही, वूफर बसवू का?" माझं म्हणणं, थांबा जरा. आधी आहे तेच नीट लावून बघू.

सुरुवात मोबाइलपासून. ब्लूटूथवर वाजवत असाल तर मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त गाडीच्या नॉबने करा. ॲपमधला इक्वलायझर बंद. दोन ठिकाणी बास वाढवला की सगळा विचका होतो.

आता खरा मुद्दा. बरेच जण गाडीत बसल्या बसल्या बास टोकाला नेतात. पण दर ३ डेसिबलला ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद लागते, ६ डेसिबलला चौपट! खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' असं छापलेलं असलं, तरी सलग मिळणारी ताकद प्रत्येक स्पीकरला साधारण १५ ते २० वॉटच असते. ती संपली की लाटेचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि असं तासन्‌तास वाजवलं तर स्पीकर जळू शकतो. म्हणून सगळं शून्यावर आणा. मिड आणि ट्रेबल एक-दोन पायऱ्या खाली घ्या, मग व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. डग्ग्याचा घुमारा गोल ऐकू येतोय तोवर ठीक. तो 'फट्‌फट्‌' करायला लागला की एक पायरी मागे. लाउडनेसचं बटण असेल तर ते फक्त हळू आवाजात ऐकताना.

एक फुकटातली तपासणी सांगतो. बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, बास ऐका. मग मध्ये आणा. मध्ये आणल्यावर बास कमी झाला, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या जोडलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही कोन विरुद्ध दिशेने हलतात आणि एकमेकांचा बास खाऊन टाकतात. दाराचं पॅनल कधी उघडलेलं असेल, तर हे आवर्जून बघाच.

दुसरा चोर म्हणजे दार स्वतः. आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात. स्पीकरच्या मागचा आवाज तिथून बाहेर येऊन पुढच्या बासला मारतो. ब्यूटाइल शीट लावून ती भोकं बंद केली की फरक लगेच कळतो. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका, पत्रा गंजेल. आणि हो, दाराच्या खणातली ती सुटी नाणी काढा आधी, अर्धी खडखड तिथलीच असते!

एवढं करूनही, दारातला साडेसहा इंची स्पीकर ६०-७० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. छातीत धडकणारा बासच हवा असेल तर सीटखालचा ॲक्टिव्ह वूफर घ्या. मात्र दुकानदाराला आधीच सांगा, वायर कापायची नाही, कपलर लावायचा. नाहीतर उद्या वॉरंटीसाठी भांडत बसावं लागेल.