विजेवरील मालवाहू गाडी : हमीच्या मुदतीत बॅटरी वारंवार बिघडल्यास

कर्जत-खालापूरची भाजी बाजारास नेताना गाडी वाटेत अडली, तर माल सुकून दिवसाची कमाई बुडते. लिथियम बॅटरीत अनेक घट एकापुढे एक जोडलेले असतात. एक घट दुर्बल झाला, तरी नियंत्रक यंत्रणा सर्व प्रवाह तोडते. दोष न काढता यंत्रणा केवळ पुन्हा चालू केल्यास तोच बिघाड परत येतो. यासाठी घटांच्या तपासणीचा लेखी अहवाल मागावा.

पुढील दक्षता घ्यावी :

(१) प्रत्येक बिघाडाची तारीख, झालेली धाव, भार व पडद्यावरील संकेतांक वहीत नोंदवावा.
(२) दुरुस्तीचा कागद घेतल्याखेरीज गाडी ताब्यात घेऊ नये.
(३) बॅटरी स्वतः उघडू नये. त्यात जिवास धोका असतो व हमीही बहुधा जाते.
(४) ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक भार घालू नये.

दाद न लागल्यास १९१५ या क्रमांकावर कळवावे. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच गाडी घेणारा शेतकरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहक ठरतो. अलिबाग येथील जिल्हा आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करावी; दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज लिहिण्यास साह्य करावे.